पाककृतीचं ऋण

घरी ब्रेड भाजणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारलं जातं, "कृती द्याल का?" कुणी लगेच कागदावर लिहून देतो. कुणी "अंदाजानेच करते हो" म्हणून विषय टाळतो. कुणी कृती देतो, पण त्यातली एक गोष्ट मुद्दाम गाळतो. या तिघांबद्दलचं आपलं मत ठरलेलं असतं. देणारा उदार, टाळणारा जरा हातचं राखणारा पण आपल्या हक्कात राहणारा, आणि गाळणारा लबाड. तिन्ही मतांच्या तळाशी एकच समजूत आहे: कृती ज्याच्याकडे आहे त्याची ती मालमत्ता, म्हणून ती द्यायची की नाही हा त्याच्या मर्जीचा मामला. ही समजूतच मला चुकीची वाटते. पाककृती हे माणसाच्या अंगावरचं ऋण आहे. ती दुसऱ्याला शिकवणं म्हणजे त्या ऋणाची फेड आहे, आणि फेडीला औदार्य म्हणत नाहीत. हे मान्य केलं तर कृती द्यावी का, एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. ती किती द्यावी, कशी द्यावी, कुणाला द्यावी आणि घेणाऱ्याने पुढे काय करावं, या सगळ्याची उत्तरं बदलतात.

आधी मालकीचा दावा तपासू. घरगुती ब्रेडच्या साध्या कृतीत अर्धा किलो मैदा, साडेतीनशे मिलीलीटरच्या आसपास पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि थोडं यीस्ट असतं. या चार ओळींतली कुठली ओळ लिहिणाऱ्याची स्वतःची? धान्य दळून, भिजवून, भाजून खाण्याची कल्पना शेतीपेक्षाही जुनी आहे. जॉर्डनच्या ईशान्येकडील शुबायका इथल्या चुलींत सापडलेले भाकरीचे जळके कण सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ती भाकरी करणारे लोक शिकार करून आणि रानातलं धान्य वेचून जगत होते. शेती त्यांच्यानंतर हजारो वर्षांनी आली. पीठ आंबवून फुगवण्याची युक्तीही अशीच निनावी आहे. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर दाखवून दिलं. पण त्याआधी हजारो वर्षं, कारण ठाऊक नसताना, असंख्य हातांनी कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात मिसळून ही विद्या जिवंत ठेवली. पिठाच्या वजनाच्या साधारण दोन टक्के मीठ घातलं की चव येते आणि आंबणंही आवरतं, हे प्रमाण कुण्या एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. बेचव आणि खारट झालेल्या अगणित ब्रेडमधून ते गाळून आलेलं आहे. आज घरी ब्रेड भाजणारा माणूस या साऱ्याचा वारसदार आहे. वारशात आलेल्या गोष्टीवर "माझी" असा शिक्का मारण्याआधी त्याने क्षणभर थांबायला हवं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याच्या पावाचं. गव्हाचा, फुगलेला, भट्टीत भाजलेला पाव पोर्तुगीजांबरोबर आला. पण युरोपात वापरायचं ते यीस्ट इथे हाताशी नव्हतं. इथे होती माडाची सूर. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांना ती किती वेळात आंबते, कधी तिला जोर असतो आणि कधी ती उतरते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. या सुरीने पीठ फुगवलं आणि गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, त्यातून उंडे, पोळी, कांकणं असे आपले प्रकार घडवले. पुढे गोव्याचे हे कारागीर मुंबईतही भट्ट्यांवर उभे राहिले. मग या पावाची कृती कुणाची? पोर्तुगीजांची म्हणावी तर सूर त्यांची नव्हती. रेंदेराची म्हणावी तर गव्हाचा पाव त्याचा नव्हता. पोदेराची म्हणावी तर त्याच्या हाती दोन्हीकडचं ज्ञान आलं तेव्हाच पाव घडला. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याचा ऋणी आहे. यातल्या कुणी आपलं ज्ञान मुठीत धरलं असतं तर हा पाव जन्मालाच आला नसता.

ऋण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. भारतीय विचारात त्याला नेमकी जागा आहे. ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, असं तैत्तिरीय संहिता सांगते. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं ऋण घालतं, ते माणसांचं. ते आतिथ्याने, अन्न आणि आसरा देऊन फेडायचं. ऋषिऋण फेडायचं अध्ययनाने. या कल्पनेत एक खोल जाण आहे: ज्यांच्याकडून आपल्याला सर्वांत जास्त मिळालं, त्यांना ते परत करता येत नाही. ते हयात नसतात, पुष्कळदा त्यांची नावंही उरलेली नसतात. म्हणून फेड मागे जाऊ शकत नाही, ती पुढेच जायला हवी. पाककृती तर दोन ऋणांच्या सांध्यावर उभी आहे. ती ज्ञान आहे म्हणून ऋषिऋणात येते आणि अन्न आहे म्हणून मनुष्यऋणात. स्वयंपाकघरातल्या अनाम बायापुरुषांना ऋषी म्हणणं कुणाला धाडसाचं वाटेल. पण निरीक्षणातून सत्य शोधून ते पुढच्यांच्या हाती सोपवणं हे ऋषीचं काम असेल, तर ओल्या पिठाला बोट लावून ते तयार झालं की नाही हे ओळखायला ज्यांनी पहिल्यांदा शिकवलं त्यांना हा मान नाकारण्याचं कारण मला दिसत नाही.

इथे एक शास्त्रीय आक्षेप येऊ शकतो. शतपथ ब्राह्मण अध्ययन करणाऱ्याला ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हणतं. राखणदाराचं काम राखायचं, वाटायचं नव्हे. मग कृती जपून ठेवणारा आपलं कर्तव्यच करतो, असं का म्हणू नये? याचं उत्तर ज्ञान टिकतं कसं यात आहे. सोनं पेटीत ठेवलं तर टिकतं. ज्ञान पेटीत ठेवलं की मरतं. म्हणूनच तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली एकेका कर्तव्याचा उल्लेख करताना प्रत्येक वेळी स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोडी लावते. शिकणं आणि शिकवणं तिथे वेगळं होत नाही. ज्ञानाच्या बाबतीत राखणं आणि देणं ही एकच क्रिया आहे. जी कृती एकाच माणसाच्या हातात राहिली, ती त्या हातांबरोबर जाते; आणि अशा गेलेल्या कृतींची यादी करता येत नाही, हेच त्या नुकसानाचं माप आहे.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राच्या संदर्भात एक कठोर विचार आला आहे: जे मिळालं त्यातला वाटा परत न देता भोगणारा चोर ठरतो आणि जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पापच खातो. ज्यूंच्या धर्मग्रंथात गणना नावाच्या पुस्तकात मळलेल्या कणकेतला पहिला भाग बाजूला काढून अर्पण करण्याची आज्ञा आहे, आणि आजही धर्मनिष्ठ ज्यू घरांत ब्रेडचं पीठ ठरावीक प्रमाणाहून जास्त असलं की त्यातला गोळा वेगळा काढतात. दोन्ही परंपरांत मुद्दा एकच दिसतो: भाकरी भाजली जाण्याआधीच तिच्यावर करणाऱ्याचा पूर्ण हक्क नसतो. कुणी म्हणेल, हे अन्नाबद्दल आहे, अन्नाच्या ज्ञानाबद्दल नाही. पण फरक पाहिला तर युक्तिवाद आणखी पक्का होतो. अन्न वाटलं की देणाऱ्याच्या ताटातलं कमी होतं. कृती दिली तर देणाऱ्याच्या घरचा ब्रेड एका तुकड्यानेही कमी होत नाही. जिथे देण्याची किंमत मोजावी लागते तिथेही न देणं दोषाचं असेल, तर जिथे काहीच गमवावं लागत नाही तिथे नाकारण्याला कोणता आधार उरतो?

आता सर्वांत वजनदार आक्षेप, पोटाचा. ज्याचं घर पावभट्टीवर चालतं त्यानेही आपली कृती शेजारच्या भट्टीवाल्याला द्यावी का? जी बाई घरी केक-ब्रेड करून विकते आणि त्यावर मुलांची फी भरते, तिनेही? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण ऋणाचा विचार भुकेल्या माणसाला उपदेश करायला निघाला तर तो विचारच खोटा. माझं उत्तर असं आहे की फेडीची वेळ आणि रीत माणसाच्या ऐपतीप्रमाणे ठरते. ऋण मात्र त्यामुळे नाहीसं होत नाही. कर्ज आज फेडता येत नाही म्हणणं वेगळं आणि कर्ज नाहीच म्हणणं वेगळं. व्यावसायिकाने आपलं मिश्रण काही काळ राखून ठेवावं, पण हाताखालच्या पोराला काम मन लावून शिकवावं, ही त्याची फेड झाली. शिवाय पावभट्टीचा धंदा गुप्त कृतीवर चालतो ही समजूत बहुतेक वेळा कच्ची असते. तो पहाटेच्या मेहनतीवर, रोजच्या एकसारख्या चवीवर आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासावर चालतो. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लाही या बेकरने न मळता करायच्या ब्रेडची आपली पद्धत द न्यूयॉर्क टाइम्समधून सगळ्यांसमोर मांडली: अगदी थोडं यीस्ट, सैलसर ओलं पीठ, बारा ते अठरा तास मुरवणं आणि तापवलेल्या जड झाकणाच्या भांड्यात भाजणं. जगभरच्या घरांत ती पद्धत गेली, आणि त्याची बेकरी त्यानंतरही चालत राहिली. घरी हौसेने करणाऱ्याला तर पोटाची सबबही लागू नाही.

दुसरा आक्षेप नवनिर्मितीचा. जुन्या कृती सगळ्यांच्या असतील, पण मी महिनोन्‌महिने खपून काही नवं शोधलं, तर ते माझं नाही का? लाहीचंच उदाहरण पुन्हा पाहू. झाकणाच्या भांड्यात पिठाचीच वाफ कोंडते, वरचा पापुद्रा लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला अवधी मिळतो. ही योजना हुशारीची आहे, पण तिच्यातला प्रत्येक घटक जुना आहे. झाकण ठेवून भाजणं जुनं, थोड्या यीस्टवर रात्रभर मुरवणं जुनं, आणि तो स्वतः ब्रेड शिकला तो इटलीत, दुसऱ्यांच्या हाताखाली. नवनिर्मिती खरी असते, तिचं श्रेयही खरं असतं. पण श्रेय म्हणजे मालकी नव्हे. आपला कायदाही इथे शहाणपणाने वागतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा विचाराच्या मांडणीला संरक्षण देतो, विचाराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. एखाद्या लेखिकेने कृती ज्या शब्दांत, ज्या क्रमाने समजावून लिहिली ते शब्द तिचे. पिठात किती पाणी घालावं हे ज्ञान सगळ्यांचं. म्हणून घेणाऱ्यावर एक कर्तव्य येतं: कुणाकडून शिकलो ते सांगणं. ऋणाचा विचार श्रेय बुडवत नाही. उलट श्रेय बुडवणारा हाच खरा ऋणबुडवा ठरतो. हे आपल्याकडे अधिक ठासून सांगायला हवं, कारण बायकांच्या हातचं ज्ञान इथे कायम नावाशिवाय वापरलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आलं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये. या पुस्तकांमुळे घराघरांतलं ज्ञान छापील अक्षरांत आलं आणि त्यावर बाईचं नावही आलं. देणं आणि नाव राखणं एकत्र नांदू शकतं, याचा हा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. विद्या लायक माणसालाच द्यावी, नाहीतर ती बिघडते, असं आपली परंपरा सांगत आली. या आक्षेपाचे दोन भाग पाडायला हवेत. एक भाग सरळ अन्यायाचा आहे. कुणी कुणाच्या हातचं खावं आणि कुणी कुणाला काय शिकवावं यावर जातीने कुंपणं घातली आणि त्याला अधिकार हे नाव दिलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली, त्यांत टिळक आणि रानडे होते, आणि त्यावरून उठलेला वाद शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांवर आला. भाजलेल्या पिठाच्या तुकड्याने माणूस बाटतो असं मानणाऱ्या समाजात त्या पिठाची कृती मोकळेपणाने फिरणं शक्यच नव्हतं. आज मराठी घरांत शनिवारी पाव भाजला जातो, त्याला ही कुंपणं मोडावी लागली आहेत. म्हणून कृती देताना माणसाची जात, धर्म, भाषा पाहणं हे ऋणाच्या विचारात बसूच शकत नाही. ज्यांच्याकडून ती आली ते आपल्या जातीचे, धर्माचे, भाषेचे नव्हतेच.

पण या आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे, आणि त्यातून माझ्या म्हणण्याला महत्त्वाची भर पडते. नुसती कृती दिली तर ती खरोखरच बिघडते. युरोपातल्या पुस्तकात "दीड तास फुगू द्या" असं लिहिलेलं असतं ते तिथल्या थंड स्वयंपाकघरासाठी. कोकणातल्या मे महिन्यात तेच पीठ त्याआधीच फुगून, ताण सोडून, बसायला लागतं. मैद्यासाठी सांगितलेलं पाणी चक्कीवर दळलेल्या कणकेला पुरत नाही, कारण चक्कीच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे कण तुटतात आणि ते जास्त पाणी पितात. शिवाय कोंड्याच्या कणांमुळे ग्लुटेनची जाळी तुटते आणि ब्रेड दडस होतो. कागदावरची कृती पाळून ज्याच्या हाती वीट लागली, त्याला आपण काय दिलं? १९८० च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती ब्रेड यंत्र बनवायचं होतं. यंत्राचा ब्रेड जमेना. शेवटी कंपनीच्या एका सॉफ्टवेअर तंत्रज्ञ बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळणं शिकायला राहिल्या, तेव्हा लक्षात आलं की तो पीठ ताणता ताणता त्याला पीळही देतो. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण ते करतो हे त्यालाही शब्दांत ठाऊक नव्हतं. ज्ञानाचा मोठा भाग हातात असतो. म्हणून ऋणफेड यादी देऊन होत नाही. कारणं सांगावी लागतात, पीठ हातात घेऊन दाखवावं लागतं, फसलेल्या ब्रेडचा तुकडा पाहून कुठे चुकलं ते सांगावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या तास्साहारा या झेन मठात स्वयंपाक करणाऱ्या एडवर्ड एस्पी ब्राउनने १९७० मध्ये ब्रेडवर पुस्तक लिहिलं, ते याच जाणिवेने: प्रमाणांइतकंच पिठाकडे लक्ष देणंही शिकवायचं. अपात्रतेवर उपाय नकार हा नाही. पात्र करणं हाच आहे.

चौथा आक्षेप भावनेचा आहे आणि तो सर्वांत हळुवारपणे ऐकायला हवा. आजीची कृती घराबाहेर गेली की तिचं घरपण जाईल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. आठवण सर्वांची झाली की पातळ होते, अशी ती भीती आहे. अमेरिकेत एका कुटुंबाने १८४७ मध्ये ओरेगॉनच्या वाटेवर बरोबर नेलेलं म्हणून सांगितलं जाणारं आंबवण पिढ्यान्‌पिढ्या जपलं. त्या कुटुंबातले कार्ल ग्रिफिथ ते मागेल त्याला फुकट पाठवत. मागणाऱ्याने आपला पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीट तेवढं धाडायचं. २००० मध्ये त्यांचं निधन झालं आणि मित्रांनी हे काम पुढे चालवलं. त्या आंबवणाचं घराणं आज त्या कुटुंबाबाहेरच्या कितीतरी लोकांना माहीत आहे, आणि ते माहीत आहे कारण ते वाटलं गेलं. आठवण घराबाहेर गेली म्हणून पातळ होत नाही. ती सांगायची थांबली की पातळ होते. नातवंडांना ब्रेड नको असेल आणि शेजारणीला हवा असेल, तर आजीचा हात शेजारणीच्या घरात जगेल, आणि आजीच्या नावासह जगेल.

शेवटी एक शंका उरते: देण्याला ऋणफेड म्हटलं तर देण्यातला आनंद, आपुलकी, मोकळेपणा संपून ते हप्ते भरण्यासारखं रुक्ष होणार नाही का? मला उलटं वाटतं. दानात देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. घेणाऱ्याला संकोच वाटतो, देणाऱ्याच्या मनात नकळत मोठेपणा शिरतो, आणि मग कृती देऊनही "कुणी शिकवलं हे लक्षात ठेव" अशी वसुली सुरू होते. ऋणफेडीत दोघं एकाच पातळीवर असतात. देणारा मोकळा होतो आणि घेणारा ऋणी होतो, पण तो देणाऱ्या एकट्याचा नव्हे, तर साऱ्या परंपरेचा. म्हणून अर्धवट कृती देण्यातला दोष लबाडीपुरता नसतो. ती ज्याच्या हाती पडते तो पुढे चुकीचंच देतो, आणि खोटी फेड पुढच्या सगळ्यांच्या हिशेबात शिरते. स्पष्ट नकार त्यापेक्षा प्रामाणिक. म्हणून कृती देणाऱ्याने ती पूर्ण द्यावी, कारणांसह द्यावी, आपल्याला न जमलेल्या गोष्टी सांगाव्या आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं घ्यावीत. घेणाऱ्याने ती आपल्या पिठावर, आपल्या हवेत करून पाहावी, काही चांगलं सापडलं तर ते देणाऱ्याला कळवावं आणि तिसरा कुणी मागेल तेव्हा त्याला नाही म्हणू नये. हे ऋण कुणाच्याही हातून पुरतं फिटत नाही, कारण आपल्याला मिळालेलं नेहमीच आपण देऊ शकतो त्याहून जास्त असतं. ते फिटत नाही म्हणूनच माणसं एकमेकांना शिकवत राहतात, आणि घरातल्या ओव्हनसमोर उभा असलेला कुणीही या कामातून स्वतःला वगळू शकत नाही.